डोंगरावरची केळ

देवीच्या पूजेसाठी खालून आणलेला खांद्यावरचा घड उतरवायच्या आधीच जीवरामला ती दिसली. पाड्यावरच्या भिकनच्या झोपडीमागे केळ उभी होती आणि तिला घड लागला होता. जेमतेम पाच फण्यांचा, पण लागला होता.

सातपुड्याच्या या माथ्यावर पौषात अशी थंडी पडायची की केळ तगायचीच नाही. म्हणून तर पौष पौर्णिमेला देवीला केळी वाहायचा मान पायथ्याच्या जीवरामच्या घराण्याचा होता. चार पिढ्या घड खालून वर यायचा आणि तो पोचल्याशिवाय पाड्यावर पूजा सुरू व्हायची नाही. आता देवीच्या दारातच केळी पिकल्यावर खालच्या घडाला कोण विचारतो? जीवरामच्या पोटात दुखायला लागलं. आयुष्यभर ज्याला आपण प्रसाद दिला, त्या भिकनच्या हातून आता आपण प्रसाद घ्यायचा, हे त्याला सहन होईना.

आसपास कोणी नव्हतं. त्यानं कमरेचा विळा काढला आणि तो केळीच्या खोडापाशी गेला.

"कापा, आबा," मागून भिकन म्हणाला. त्याच्या डोक्यावर पाण्याचा हंडा होता.

जीवराम ओशाळला. "मी नुसता पाहत होतो रे."

"कापा. मीच कापणार होतो, पण हात धजत नाई." भिकननं हंडा उतरवला. अर्धासुद्धा भरलेला नव्हता. "बारा वर्षं दर पावसाळ्यात एक कंद लावला. तुमच्या मानाचा लई हेवा वाटे मले. अन् दर पौषात थंडी त्याले मारून टाके."

"मग जिंकला की तू आता." जीवरामला आवाजातला कडूपणा लपवता आला नाही.

"गेल्या पौषात थंडीच पडली नाई म्हणून ही जगली; गोधडीसुद्धा काढली नाई आम्ही. उकाड्यानं झरा होळीच्या आधी आटला. मधमाश्यांनी पोळं बांधलं नाई, मध नाई. निम्मा पाडा खाली गेला, तुमच्याच केळीत मजुरीले." भिकन खोडाला टेकून बसला. "बारा वर्षं मी देवीपुढे एकच मागत होतो, थंडी जाऊ दे म्हणून."

जीवरामनं त्या पाच फण्यांकडे पाहिलं. विळा हातात तसाच राहिला.

"तुमचा मान मोठा आहे, आबा, तुमचं ती ऐकते," भिकन म्हणाला. "आज तुम्ही मागा. थंडी परत दे म्हणा."