खिडकीआडचा भाऊ

“आता नाव लावावं लागेल, सुंदराबाई,” डॉक्टर म्हणाले.

सुंदरा खलात पूड घोटत होती. तिचा हात थांबला नाही.

स्वातंत्र्य येऊन दोन वर्षं होत आली होती. औषधं तयार करणाऱ्यांसाठी सरकारचा नवा कायदा आला होता. कंपाउंडरचं नाव सरकारदरबारी नोंदवायचं आणि दाखला आला की दवाखान्यात सगळ्यांना दिसेल असा लावायचा. दुसऱ्या कुणी त्या दिवशी पेढे वाटले असते. सुंदरा मिशनच्या इस्पितळात मुळाक्षरांपासून शिकली होती. कंपाउंडरची परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाली होती. खोपोलीच्या बाजारातल्या या दवाखान्यात तिला कित्येक वर्षं झाली होती आणि तिच्या हातून एकही बाटली चुकीची गेली नव्हती. पण अशी कुणी सुंदरा इथं आहे, हेच बाहेर कुणाला ठाऊक नसावं अशी सोय होती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा हिवतापानं गेला. तेव्हा तिची सासू भागूबाई दारात उभी राहून म्हणाली होती, “तुज्या पायगुनानं माजा लेक गेला. या घरातल्या पान्याला आता हात लावू नको.” माहेरच्यांनी तिला मिशनमध्ये नेऊन सोडलं. तेव्हापासून सुंदराच्या आतलं काहीतरी बधिर झालं, ते तसंच राहिलं. तिला वाईट वाटत नसे आणि बरंही वाटत नसे. औषधं मात्र ती अचूक करायची.

इथं कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात सासरच्या गावची एक बाई दवाखान्यात आली. तिनं सुंदराला ओळखलं आणि हातातली बाटली तिच्यासमोरच गटारात ओतली. डॉक्टरांनी मग सुताराला बोलावलं. औषधाच्या खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद केली आणि हात जाईल एवढीच फट ठेवली. औषध देणारी ती बाई गेली, तिच्या जागी पुण्याहून एक भाऊ आणलाय, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. भाऊ फार बोलत नाहीत, हेही सांगितलं. सुंदराच्या हातात बांगड्या नव्हत्या. फटीतून दिसणारे ते हात बाईचे आहेत असं कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. कुठलं औषध कसं घ्यायचं ते दवाखान्यातला गडी शुक्रा बाहेर उभा राहून सांगायचा.

“भाऊ, औषध जरा कमी कडू करा,” लोक फटीपाशी म्हणायचे. सुंदरा मान हलवायची. ती कुणाला दिसत नसे.

“नाव लावलं तर तुमच्या सासरचे, खालच्या गावचे लोक यायचे थांबतील,” डॉक्टर म्हणाले. “नाही लावायचं तर मला दुसरा माणूस आणावा लागेल. तुम्ही म्हणाल तसं.”

“दुसरा माणूस बघा,” सुंदरा म्हणाली. मीठ संपलंय असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी डॉक्टर सकाळचे रोगी तपासून पावरहौसकडे कुणाला बघायला गेले. शुक्रा औषधांची पेटी आणायला स्टेशनवर गेला. फटीतून एक चिठ्ठी आत आली.

“भाऊ, नातवाला आनलंय, धाकल्या लेकाच्या पोराला. डागतरनी हे लिवून दिलंय.”

भागूबाईचा आवाज होता. सुंदरानं तो ताबडतोब ओळखला. आता आपल्याला काहीतरी होईल म्हणून ती क्षणभर तशीच उभी राहिली. काही झालं नाही. तिनं चिठ्ठी वाचली. पोटात घ्यायचं औषध एका बाटलीत भरून त्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. छातीला चोळायचं तेल दुसऱ्या बाटलीत भरलं. ते पोटात गेलं तर पोर दगावलं असतं.

भागूबाईला वाचता येत नव्हतं. शुक्राचा पत्ता नव्हता. बाहेर पोर खोकत होतं, कण्हत होतं. सुंदरानं थोडी वाट बघितली. मग दोन्ही बाटल्या फटीतून पुढं केल्या आणि बोलली.

“ही पांढरी पाजायची. ही तांबडी छातीला चोळायची. तांबडी तोंडात जाऊ द्यायची नाही.”

बाटली आता गटारात ओतली जाईल, त्या आवाजाची ती वाट पाहत राहिली.

“दिवसातनं किती येळा पाजू, सुंदरे?” भागूबाईनं विचारलं.

“तीन येळा,” सुंदरा म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडात गावची बोली आली होती. “जेवल्यावर. तुमाला कवा कळलं?”

“लई वर्सं झाली.” भागूबाईनं बाटल्या पदरात घेतल्या आणि पोराला कडेवर नीट घेतलं. “शुक्रा म्हनतो, आता नवा मानूस येनार. त्याच्या हातचं आमाला नको, सांग डागतरला.”

“पन तुमी समदी मला भाऊ म्हनता.”

“मंग काय म्हनायचं गं?” भागूबाई म्हणाली. “तू हितं हायस ते समद्या गावाला ठाव हाय. तुलाच तोंड दाखवायचं नाय असं आमाला वाटलं, म्हनून आमी भाऊ म्हनत ऱ्हायलो.”