नव्या सॉफ्टवेअरचा डेमो

केतकीनं एंटर दाबलं. दूधसंघाच्या चेअरमनसमोर पडद्यावर चक्क जुनं सॉफ्टवेअर उघडलं होतं. नवं तिनं सकाळीच इन्स्टॉल केलेलं, पण दोन्हींची सुरू करायची कमांड एकच, आणि कॉम्प्युटर ती शोधायला आधी जुन्याच फोल्डरमध्ये शिरला होता. आता कॉन्ट्रॅक्ट गेलंच.

वर्षभर या जुन्याच्या नावानं बोटं मोडणारे चेअरमन खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हां, आता कसं. पळतंय बघा कसं. याला म्हणायचं नवं."

"साहेब, हे तर..." केतकी पुटपुटली.

"गप," शेजारून तिचे सर कुजबुजले. "गडी खूश आहे."

कॉन्ट्रॅक्टवर सही करायला चेअरमननी पेन काढलं आणि केतकीचा जीव भांड्यात पडला.

"फक्त एक करा मॅडम," ते म्हणाले. "ते जुनं भंगार आधी माझ्यासमोर उडवून टाका."