सरिताबाईंचं बँकॉक

नातीला सांभाळायला सरिताबाई योकोहामाला आल्या, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. एवढ्या काळात नेत्राची शाळा, कोपऱ्यावरचं कोंबिनी दुकान आणि स्टेशन, यापलीकडे त्यांनी फारसं काही पाहिलं नव्हतं. त्यामुळे नेत्राच्या सातव्या वाढदिवसाला अंबरीष म्हणाला, "आई, चल, तुला बँकॉक दाखवतो," तेव्हा त्यांना ते खरंच वाटेना. सूनबाई प्रणिता कामामुळे घरीच राहिली.

चार दिवस मुलाने त्यांची सगळी हौस पुरवली. नदीतून बोटीने फिरवलं, सोन्याचा बुद्ध दाखवला, देवळाच्या उंच पायऱ्या हाताला धरून चढवल्या. सरिताबाईंनी प्रणितासाठी रेशमी स्कार्फ घेतला.

परत निघताना विमानतळावर अंबरीष काउंटरवरून आला आणि त्याने बोर्डिंग पास आईच्या हातात दिला. त्यावर मुंबई लिहिलं होतं.

"नातवंड सात वर्षांचं होईपर्यंतच जपानमध्ये आजीला राहू देतात, आई," तो हळू आवाजात म्हणाला. "घरी सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस."

नेत्राने जपानीत काहीतरी विचारलं. त्याने तिला जपानीतच गप्प केलं.

सरिताबाईंनी पास उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "अरे, पण माझे देव, माझे कपडे, सगळं तिकडेच आहे."



"ते प्रणिताने कालच पार्सल केलं, आई."