भोंग्याच्या फाइली

टोंगाच्या किनाऱ्यावर वादळ चालून येत होतं, आणि धोक्याचा भोंगा वाजेचना. इशारा-केंद्रातल्या सेमिसीचे वडील समोरच्याच खाडीत होडीवर होते. फोन लागत नव्हता. भोंग्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सकाळीच बसवली होती. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडायची हे ठरवणारी सुरक्षा-लेबलं तिच्या फाइलींना चुकीची लागली, म्हणून संगणक प्रोग्रॅमला त्या उघडूच देईना. “लोसेलीताई, सुरक्षाच बंद कर!” सेमिसी ओरडला. “वेडा आहेस? मग कुणीही बाहेरून घुसून खोटा भोंगा वाजवेल,” म्हणत केंद्राचे संगणक सांभाळणाऱ्या लोसेलीने प्रत्येक फाइलीला योग्य लेबल लावून घेतलं. भोंगा घुमला. होड्या माघारी वळल्या. वादळ ओसरल्यावर सेमिसीचे वडील टोपलीभर मासे घेऊन लोसेलीकडे आले. “पोरी, तुझ्यामुळे घरी पोचलो. पुन्हा असं झालं तर?” “नाही होणार, काका. आता आवृत्ती बदलली की योग्य लेबलं आपोआप लागतील.” म्हातारबा हिरमुसले. “मग पुढच्या वेळी मासे कुणाला देऊ?”