बेवारस बोट

आबासाहेबानं रामहरीचं डोकं तिसऱ्यांदा पाण्यात दाबलं. रामहरी बोटीच्या कडेवर पालथा होता आणि त्याच्या पाठीत आबासाहेबाचा गुडघा रुतला होता. रामहरी तसा पट्टीचा पाणबुड्या. उजनीकाठच्या मोटरींच्या पाइपात अडकलेला गाळ काढायला दिवसातून दहा बुड्या मारायचा. पण कुणी बुडवायला लागलं की पाणबुड्याच्याही नाकातोंडात पाणी जातं.

आबासाहेबानं केसांना धरून त्याला वर ओढलं. “बोल! तहसीलच्या पथकाला फोन कुणी केला?”

“म्या न्हाय केला. आईशप्पत.”

“मग ते येनार हे तुला कसं कळलं?”

“पल्याड मोटर साफ करत हुतो. त्येंनी बोटीत जिलेटिनची खोकी चढवली, ती बघितली की. तसाच वल्हं मारत आलो. तुमी बोट हितनं हलवा, एवढंच सांगाया.”

आबासाहेब हसला. चोरून वाळू उपसणाऱ्याला सरळ बोलणं पटतच नाही. त्यात त्याची दुसरी बोट पथकानं गेल्याच आठवड्यात उडवली होती. “माजी बोट वाचवून तुला काय मिळनार रं?”

“तुमची बोट जाऊ दे खड्ड्यात. खाली पिल्लं हायती.”

हे मात्र अक्षरशः खरं होतं. रामहरी दोन वर्षं मालवणकडच्या समुद्रात कामाला होता. तळाशी लोखंडी चौकटी ठेवायच्या, त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधून वाढवायचे आणि मग ते मेलेल्या खडकांवर नेऊन लावायचे, असं ते काम. गावी परतला तर धरणातली मरळ दिसेनाशी झालेली. वाळूच्या बोटींनी तळ पार खरवडून नेला होता. माशानं अंडी घालायची कुठं? रामहरीनं भंगारातलं लोखंड आणलं, नऊ चौकटी जोडल्या, त्यांना बाभळीच्या फांद्या बांधल्या आणि या आडोशाच्या पाण्यात सोडल्या. गाव हसलं. तीन उन्हाळे नुसता गाळ साचला. यंदा मरळ आली. लालसर पिल्लांचे थवे काट्यांतून फिरताना बघून हा चाळिशीचा गडी पाण्याखाली रडला होता.

नेमक्या त्याच जागेवर आबासाहेब दिवसा बोट लपवायचा, कारण काठाला बाभळी दाट होत्या. रामहरीनं तेही सोसलं. पण वर जिलेटिन फुटलं, तर खाली एक पिल्लू जगणार नव्हतं.

“माशांपायी मार खातुयास? मला येडा समजतोस व्हय?” आबासाहेबानं पंपाचा लोखंडी पाना उचलला आणि रामहरीच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा कानाच्या वर बसला आणि डोळ्यांत रक्त उतरलं. रामहरीनं ओरडणंही सोडलं. आबासाहेब मात्र ढोर बडवावं तसा बडवतच होता. असल्या माणसाला काळीज कुठून असणार!

पुढचा घाव पडायच्या आत लांबून इंजिनाची धडधड आली. आबासाहेबाची पाचावर धारण बसली. पाना टाकून त्यानं पाण्यात उडी घेतली. गावात मिशीला पीळ देत हिंडणारा हा वाघ बेडकासारखा पोहत काठावर गेला आणि बाभळीखाली निथळत बसला.

पथकाची बोट येऊन टेकली. नायब तहसीलदार वैजयंती मॅडम, दोन पोलीस आणि खोकी. रक्तानं माखलेला माणूस बघून मॅडम चरकल्या.

रामहरी कसाबसा उठला. “मॅडम, हितं उडवू नका. तितं लांब वडून न्या, मग काय करायचं ते करा. हितं खाली मरळीची पिल्लं हायती. म्या लई कष्टानं आनल्यात.”

“बोटीवर नाव नाही, नंबर नाही,” मॅडम म्हणाल्या. “बेवारस बोट जागेवरच उडवायची, असा आदेश आहे मला. मालक समोर असेल तर बोट जप्त करून ओढत नेईन आणि मालकाला अटक करीन. कुणाची आहे बोट?”

रामहरीनं बाभळीकडं बघितलं. एका पोलिसानंही बघितलं आणि हाक मारली, “ओ आबासाहेब, बोट तुमची का?”

“माजी? छ्या! मी आंघोळीला आलतो.”

पोलिसानं मान हलवली, खोकं फोडलं आणि कांड्या बोटीच्या बुडाशी बांधायला घेतल्या. वायर सोडली गेली. मॅडमनी रामहरीला डाव्या हाताला धरून आपल्या बोटीत घेतलं. त्यानं खाली बघितलं. हिरव्या पाण्यात काट्यांच्या वर लालसर ढग हलत होता.

“थांबा मॅडम,” रामहरी म्हणाला. “लिवून घ्या. बोट माजी हाय.”

पोलिसाचा हात थांबला. मॅडमनी रामहरीच्या मोडलेल्या हाताकडं बघितलं, मग काठावरच्या ओल्या माणसाकडं बघितलं. “नीट विचार करून बोल. तुरुंगात जाशील.”

“जातो की,” तो म्हणाला. “वडताना तेवढी हळू वडा.”