स्पंजाची झाडं

शनिवारी सकाळी ते मॉडेल पाहायला येणार होते. शुक्रवारी दुपारी सेवेर लुपाश्कुने चिमट्याने मॉडेलवरच्या मेणबत्तीवाल्यांच्या गल्लीतली चौसष्ट घरं एकेक करून उचलली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली.

"आता ही जागा टक्कल पडल्यासारखी दिसतेय," पांडेले काका म्हणाले. चाळीस वर्षं ते पुठ्ठा आणि सरस यांच्याशी झटत होते आणि वास्तुकारांना फारसं मोजत नव्हते.

"झाडं लावा, काका. दाट."

"नकाशात घरं, मॉडेलवर झाडं. मग खरं काय धरायचं?"

"नकाशा त्यांना कुठे वाचता येतो?"

"मी त्यांचं नाही विचारलं," असं पुटपुटत काकांनी स्पंजाचे तुकडे हिरव्या रंगात बुडवायला घेतले.

ते म्हणजे कोण, हे बुखारेस्टमध्ये कुणी कुणाला विचारत नसे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच देशाच्या धन्याचं नाव कुणी घेत नसे. त्यांना रेघांमधून काही दिसायचं नाही, म्हणून अख्खं शहर एका हॉलमध्ये पुठ्ठ्यात उभं केलेलं होतं. दर शनिवारी ते हातात काठी घेऊन त्याभोवती फिरत. काठी एखाद्या छपरावर थांबली आणि "हे काय?" असं ऐकू आलं, की महिन्याभरात तिथे बुलडोझर येई. ते मॉडेल पाहून गेले की लगेच त्याचे फोटो निघत, सोमवारपर्यंत फोटोबरहुकूम नकाशे नव्याने काढले जात आणि ज्याने त्याने आपापल्या भागाच्या गठ्ठ्यावर सह्या करायच्या. सेवेर भराभर सह्या करी. वाचत बसलं तर सही होत नाही, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता.

पांडेले काकांचं घर मागच्या उन्हाळ्यात असंच गेलं. त्या कागदावर सही सेवेरचीच होती. काका तेव्हा तीन दिवस कामावर आले नव्हते. चौथ्या दिवशी आले आणि त्यांनी सरस कुठे ठेवलाय एवढंच विचारलं. त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

मेणबत्तीवाल्यांची गल्ली अजून वाचलेली होती. नवा हमरस्ता तिच्यापासून दोन गल्ल्या अलीकडे संपत होता. पण काठी दर शनिवारी थोडी पुढे सरकत होती, आणि त्या गल्लीत सेवेरची आई राहत होती.

आग्लायाबाईंची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या घरात त्यांना डोळ्यांची गरजच पडत नसे. दारापासून चूल सात पावलं, चुलीपासून पलंग चार. घर गेलेल्यांना गावाबाहेरच्या ठोकळ्यांसारख्या इमारतींत आठवा नाहीतर नववा मजला मिळे. तिथे दिवसातून चार तास वीज असे, आणि लिफ्ट नावापुरती. आई तिथे महिनाभरसुद्धा टिकायची नाही, हे सेवेरला ठाऊक होतं. छपरं दिसलीच नाहीत, तर काठी कशावर थांबणार?

शनिवारी ते आले. मागे वीस माणसं वह्या घेऊन. काठी हमरस्त्यावरून पुढे आली, दोन गल्ल्या ओलांडल्या, हिरव्या ठिपक्यांवर आली.

काठी थांबली नाही. झाडांवरून तशीच पुढे गेली आणि पलीकडच्या शाळेवर टेकली.

"हे काय?"

सेवेरने वहीत लिहिलं, 'शाळा'. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं होतं.

रविवारी तो आईकडे जेवायला गेला. आईने कुठूनतरी डुकराचं मांस मिळवून, भात घालून, कोबीच्या पानांत गुंडाळून शिजवलं होतं. आपली गल्ली वाचली, असं त्याने सांगितलं. कशी, ते सांगितलं नाही.

"मग कुणाची गेली?" आईने विचारलं.

शाळेची, तो म्हणाला. पोरं कुठे जाणार, असं तिने विचारलं, तेव्हा करतील काहीतरी सोय, म्हणून त्याने पाव मोडून रशात बुडवला. मग आईने चाचपडत आणखी दोन गुंडाळ्या त्याच्या ताटात वाढल्या.

सोमवारी टेबलावर ऐंशी कागदांचा गठ्ठा होता. सेवेरने चहा थंड व्हायच्या आत सह्या संपवल्या. पांडेले काका दारात उभे राहून बघत होते. काही हवंय का, असं त्याने विचारलं. "मला काय हवं असणार?" म्हणून काका निघून गेले.

गुरुवारी सकाळी सेवेर आईसाठी थोडं लोणी घेऊन आला होता. दोघं भाजलेल्या जवाची कॉफी पीत बसले होते, तेवढ्यात दार वाजलं. आई सात पावलं चालून दाराशी गेली.

नगरपालिकेचा माणूस होता. पोरगेलासा, बोलायला मऊ. त्याच्यामागे रस्त्यावर ट्रक उभा होता.

"मावशी, झाडं आणलीयत," तो म्हणाला. "चारशे रोपं."

"लावा की, बाबा," आई हसून म्हणाली. "गल्लीत सावली होईल. नाव काय म्हणायचं तुमच्या साहेबांचं? आमचा सेवेर लुपाश्कुही त्याच खात्यात आहे. वास्तुकार आहे तो."

"अरे वा," माणूस म्हणाला आणि त्याने हातातला कागद उलगडला. "मग तुम्हाला सगळं ठाऊकच असेल. रविवारपर्यंत घर रिकामं करा, मावशी. गल्लीतली चौसष्टही घरं पाडून इथे दाट बाग करायचीय, आणि खाली सही लुपाश्कुसाहेबांचीच आहे."