नऊच्या आत हजर

"माझ्या ग्रुपवर असताना गुपचूप मरायची कुणाची टाप नाही," असं म्हणत शशिधरनं टोस्टला लोणी लावायला घेतलं. मग त्यानं फोन बघितला आणि लोणी सुरीवरच राहिलं.

नऊ वाजून गेले होते. सहांपैकी दोघंच हजर होती.

ग्रुप शशिधरनंच काढला होता. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातली त्याच्या बॅचची काही मंडळी इंग्लंडात आली, हॉस्पिटलांत राबली, रिटायर झाली आणि बहुतेक आता घरात एकेकटी उरली होती. त्यांच्यासाठी नियम एकच. रोज सकाळी नऊच्या आत 'हजर' टाकायचं. लीड्सचा एक जण किचनमध्ये मरून पडला आणि शेजाऱ्यांना वास येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासूनची ही शिस्त. उशीर करणाऱ्याला शशिधर सगळ्यांदेखत झाडायचा. माणसांना भूल देण्यात जन्म गेला, आणि आता तो त्यांना जागं ठेवायच्या मागे लागला होता.

आज साउथहॅम्प्टनहून अंबरीश हजर होता. स्लाऊहून लीलावती होती. लेस्टरचा ज्ञानेश्वर नव्हता आणि बाकीचे तिघंही नव्हते. चौघं चार गावांतले.

"अहो, चौघं एकदम कसे जातील?" त्याची बायको सुलक्षणा म्हणाली. "झोपले असतील."

"चौघं?"

"वय झालंय. लागली झोप तर लागू दे की."

शशिधरनं ज्ञानेश्वरला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला, चौथ्याला. सगळीकडे नुसती रिंग. मग त्यानं अंबरीशला लावला. त्यानंही उचलला नाही, पण लगेच मेसेज आला. 'डेंटिस्टकडे आहे. नंतर बोलू.'

"हा एक शहाणा. तोंडात दात चार, आणि चालला डेंटिस्टकडे." शशिधरनं घाम पुसला. "निदान हा तरी आहे."

"पोलिसांना कळवू या का?"

"काय सांगू? चार म्हाताऱ्यांनी हजर म्हटलं नाही?"

शेवटी लीलावतीकडे जायचं ठरलं. त्यांच्या स्टॅनमोरच्या घरापासून तीच जवळ. कुणाच्या मुलांना कळवायचं, कुठे माणूस पाठवायचा, ते तिच्याशी बोलून ठरवता आलं असतं.

एम ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर रस्त्याची कामं चालली होती आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. बाजूनं एक ॲम्ब्युलन्स सायरन न वाजवता गेली. सायरन का नाही, हे शशिधरला माहीत होतं. चौघांना मिळून एक श्रद्धांजली चालेल की चार वेगवेगळ्या लिहायला लागतील, याचा तो विचार करत होता. ज्ञानेश्वरबद्दल काय लिहावं ते सुचेना. त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला, तेच आठवेना. 'हजर'ची सोय झाल्यापासून कुणी कुणाला फोनच केला नव्हता.

स्लाऊला पोचेपर्यंत दुपार झाली. लीलावतीनं चहा टाकला होता, बशीत चकल्या होत्या. शशिधरनं दारातच सांगितलं, "चौघं गेले बहुतेक."

लीलावती दचकली नाही. तिनं छताकडे बघितलं.

"सुलक्षणा, ह्याला आधी बसव. बीपीची गोळी घेतलीय ना यानं?" मग ती समोर बसली. "शशी, ते चौघं मजेत आहेत. ज्ञानेश्वर तर क्रूझवर आहे."

"मग हजर का नाहीत?"

"ते कधीच हजर नव्हते. प्रॉक्सी होती रे. ॲनाटॉमीच्या लेक्चरला लावायचो ना, तशी."

शशिधरनं उचललेली चकली परत बशीत ठेवली.

"तुझ्या नऊच्या ठोक्याला कंटाळले सगळे. चार स्वस्तातले फोन घेतले, नंबर बदललाय म्हणून तुला कळवलं, आणि फोन दिले अंबरीशकडे पाठवून. त्याच्या डायनिंग टेबलावर ओळीनं मांडलेत. सकाळी उठला की चारांवर हजर टाकतो, मग चहा घेतो."

सुलक्षणा मान खाली घालून चकली मोडत होती. तिचे खांदे हलत होते.

"आणि मी मघाशी," शशिधर म्हणाला, "त्या चौघांना मनातल्या मनात पोचवून आलो."

"तू झाडतोस फार. मेलो तरी नऊच्या आत मरावं लागेल, म्हणायचा ज्ञानेश्वर."

"मग आज काय झालं त्या गाढवाला? का नाही लावली?"

"विसरला असेल. नाहीतर उठलाच नसेल."

"उठला नसेल? अगं, सगळ्यांत पहिली हजेरी त्याची आहे. डेंटिस्टकडे जाऊन बसलाय."

लीलावतीचा हात बशीवर थांबला. शशिधरचं लक्ष नव्हतं. चौघं जिवंत असल्याचा आनंद आणि फसवल्याचा राग एकदमच वर आला होता, आणि हॉस्टेलच्या ठेवणीतल्या शिव्या जिभेवर तयार होत्या. तो अंबरीशचा नंबर लावत होता.

"शशी, थांब जरा."

"आता नाही थांबत. त्या डेंटिस्टलाही ऐकू दे."

त्यानं फोन स्पीकरवर टाकला. रिंग गेली.

लीलावतीच्या किचनमध्ये, केटलच्या शेजारी, एक फोन वाजायला लागला.

सुलक्षणानं तिकडे बघितलं, मग लीलावतीकडे. लीलावती उठली नाही.

"स्वतःची प्रॉक्सी स्वतः लावायची नाही, असं कॉलेजात होतं ना आपलं," ती म्हणाली. "अंबरीशची मी लावते."